वखारीत बंद झालेला एक शब्द

कल्याणच्या खाडीकाठच्या एका लाकडाच्या वखारीत माझी उमेदीची वर्षं गेली. आता केस पिकले, कानही कामातून गेले. तरी शेजारच्या घरात कुणी 'सोड' म्हणालं की तेवढं मात्र मला लख्ख ऐकू येतं आणि हातातला घास हातातच राहतो. सुनांना याचं हसू येतं. म्हातारा तापट आहे हे त्यांना माहीत आहे, पण एवढ्याशा शब्दाला तो का दचकतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मीच सांगितलं नाही. सांगायचं तर स्वतःची चूक सांगावी लागते, आणि त्या बाबतीत माझा हात नेहमीच आखडता राहिला आहे.

मी जातीचा सुतार. कोकणातून कल्याणला आलो तेव्हा आगगाडी सुरू होऊन एक पिढी उलटली होती. मुरबाडकडच्या जंगलातला साग बैलगाड्यांनी शहाडपाशी नदी ओलांडून यायचा आणि आमच्या वखारीत पडायचा. तो कापायचा हाताने. ओंडका उंच लाकडी घोड्यांवर चढवायचा, एकाने वर उभं राहायचं, दुसऱ्याने खाली, आणि दोघांनी मिळून पुरुषभर लांबीची करवत वरखाली ओढायची. खालच्याच्या डोळ्यांत भुसा, वरच्याच्या कमरेत कळ. या कामात बोलायला दम उरत नाही, म्हणून सगळं बोलणं दोन शब्दांवर भागायचं. 'ओढ' म्हणजे ओढ. 'सोड' म्हणजे हात ढिला कर, थांब, काहीतरी अडलंय. खाली बाप असला तरी वरचा मुलगा 'सोड' असंच ओरडायचा. तिथे अहो-जाहोला जागाच नव्हती. मला या शब्दाची इतकी सवय झाली होती की झोपेत बायकोने पांघरूण ओढलं तरी मी 'सोड' म्हणायचो आणि ती सकाळी चिडवायची.

मग आमच्या शेठने वाफेची करवत आणली. वखारीच्या मागच्या अंगाला इंजिनाची खोली झाली. तिथून छपराखालून इंजिनावर फिरणारी एक लांब लोखंडी दांडी आणली, आणि त्या दांडीवरून चामड्याचा रुंद पट्टा खाली करवतीपाशी उतरवला. करवत म्हणजे परातीएवढं गोल पातं, टेबलाच्या फटीतून अर्धं वर आलेलं. पट्ट्याला खाली दोन चाकं होती. एक नुसतंच फिरणारं रिकामं चाक, दुसरं करवतीचं. पट्टा रिकाम्या चाकावर असला की करवत उभी. भिंतीजवळचा दांडा ओढून पट्टा दुसऱ्या चाकावर सरकवला की करवत सुरू. आम्ही दोघं जे लाकूड दिवसभर ओढत बसायचो ते ती बया आमचं पान चघळून होण्याआधी कापून मोकळी व्हायची. मला पहिल्या दिवशी तिचा राग आला आणि दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर लट्टू झालो.

करवतीबरोबर तिचा मिस्त्रीही आला. ठाण्याजवळच्या खाडीकाठच्या एका ख्रिस्ती वस्तीतला माणूस. घरची थोडी भातशेती, भाऊ मासेमारी करणारे, आणि हा एकटाच मुंबईच्या कारखान्यात जाऊन यंत्रं शिकलेला. किडकिडीत, काळासावळा, पन्नाशीच्या आसपासचा. सदऱ्याच्या बाह्या कोपरापाशी कापून टाकलेल्या. मला आधी वाटलं, बाह्या फाटल्या असतील. नंतर कळलं, नवा सदरा शिवला तरी तो पहिल्यांदा कात्री घेऊन बसतो.

आम्हाला सगळ्यांत नवल वाटलं ते त्याच्या बोटांचं. यंत्राच्या करवतीवर जुनी झालेली माणसं मी पुढे पुष्कळ पाहिली. कुणाचं करंगळीचं टोक नाही, कुणाचा अंगठा थोटा. या माणसाची दहाच्या दहा बोटं शाबूत होती, आणि उजवा हात तर मी आजन्म विसरणार नाही. ओंडक्यावर तो हात सपाट ठेवून हळूहळू फिरवायचा आणि एके ठिकाणी थांबून म्हणायचा, "हितं खिळा हाय." आम्ही खोदून बघायचो. झाडाने कधीकाळी गिळलेला गंजका खिळा बोटभर खोल सापडायचा. पात्याचे दाते तो एकेक करून कानसायचा, एक उजवीकडे वाकवायचा, पुढचा डावीकडे, आणि मग अंगठ्याशेजारची दोन बोटं दात्यांवरून फिरवून सांगायचा की कुठला दाता केसभर जास्त वाकलाय. दुसऱ्या कुणाला ते जमत नसे. तो हात होता म्हणून आमची करवत चालत होती, आणि हे शेठपासून भुसा गोळा करणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांना कळत होतं.

त्याचे नियम मात्र माझ्या डोक्यात जायचे. उपरणं काढून ठेव. काष्टा घट्ट खोव. हातातलं कडं काढ. पातं बोथट झालं की काम बंद, कारण बोथट पात्यावर माणूस जोर लावतो आणि जोर लावलेला हात घसरला की सरळ दात्यांवर जातो. शेवटची वीतभर फळी हाताने ढकलायची नाही, काठीने ढकलायची. करवत चालवणाऱ्याशी बोलायचं नाही, मागून तर त्याला हाकसुद्धा मारायची नाही. एके दिवशी तो माझ्या शेंडीवर आला.

"तिला गाठ मार नि टोपीत घाल," तो म्हणाला.

मी भडकलो. "मिस्त्री, माझ्या शेंडीला हात लावायचं काम नाही. तुमचा धर्म तुम्हाला, माझा मला."

तो शांतपणे म्हणाला, "तुझी शेंडी तुझ्या देवाची, मना मान्य हाय. पन पट्ट्याला ते म्हाईत नाय." मग गळ्यातली जपमाळ काढून त्याने समोरच्या खुंटीवर अडकवली. "माझा देव बी कामाच्या टायमाला तिथंच टांगलेला ऱ्हातो," तो म्हणाला.  मी शेंडी टोपीत घातली.

तरीही तो मला भित्राच वाटायचा. करवतीच्या अगदी रेषेत, पात्यासमोर, तो कधी उभा राहायचा नाही. नेहमी हातभर डावीकडे. आम्हालाही तसंच उभं करायचा. एकदा मी नेमका रेषेत उभा राहून मागून फळी उचलून धरत होतो, तर त्याने काम थांबवून मला दंडाला धरून बाजूला केलं. मी मनात चार शिव्या घातल्या. त्यानंतर दोन फळ्याही कापून झाल्या नसतील, तिसरी पात्यात चिमटली आणि सणकन उलटी सुटली. मागच्या कुडाला आरपार भोक पाडून ती पलीकडच्या भुशाच्या ढिगात जाऊन रुतली. माझं पोट जिथे असतं तिथून ती गेली होती. मिस्त्रीने पट्टा सरकवला, पातं थांबण्याची वाट पाहिली आणि तडा गेलेला दाता आहे का ते बघू लागला. त्या दिवसापासून मी त्याचा झालो. त्याने सांगितलं असतं तर उपरणंच काय, डोकंसुद्धा काढून ठेवलं असतं.

आता तिसरा माणूस. भिंतीजवळचा दांडा ओढायला देशावरून आलेला एक गडी ठेवला होता. पूर्वी तो रेल्वेच्या इंजिनावर कोळसा टाकायचा, म्हणून आम्ही त्याला आगवाला म्हणायचो. बोलायला खणखणीत, कामाला चोख, मनाने अगदी भाबडा. त्याच्या जागेवरून करवत दिसायची नाही, कारण मधे नेहमी फळ्यांची थप्पी असायची. करवतीपाशी काय चाललंय ते त्याने आवाजावरून ओळखायचं आणि हाक आली की दांडा ओढायचा. कुठल्या हाकेला काय करायचं, हे मात्र आमच्यात कधी ठरलंच नव्हतं. कोण 'चालू' म्हणायचं, कोण 'होऊ दे', कोण नुसती शीळ घालायचं. सगळ्या गोष्टींचा विचार करणाऱ्या मिस्त्रीच्याही ते ध्यानात आलं नाही.

तो दिवस मला अजून दिसतो. खाडीत एक मचवा लागला होता आणि भरती उतरायच्या आत त्याच्यावर फळ्या चढवायच्या होत्या. शेठ स्वतः येऊन येरझाऱ्या घालत होता. सागाचा एक जाडजूड ओंडका अर्धा कापून झाला आणि लाकडाने पातं गच्च आवळलं. करवत थांबली. पट्टा जळका वास सोडत करकरला, तशी मिस्त्रीने शीळ घातली आणि आगवाल्याने तो रिकाम्या चाकावर घेतला. इतर दिवशी मिस्त्री दांड्यापाशी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घ्यायचा. त्या दिवशी शेठ म्हणाला, "मिस्त्री, पाणी उतरतंय," आणि तो गेला नाही. पट्टा रिकाम्या चाकावर फिरताना त्याला उभ्या जागेवरून दिसत होता. तेवढ्यावर त्याने भागवलं.

टेबलाच्या फटीत पात्याला लागून सालीची एक मोठी ढलपी अडकली होती. ती काढायला मिस्त्रीने वाकून उजवा हात फटीत घातला. मी चिरेत पाचर ठोकली आणि ओंडक्याखाली पहार घालून तो उचलून धरला. चीर उघडली, पातं मोकळं झालं. आणि माझ्या हातातली पहार सरकू लागली. ओंडका खाली बसला असता तर मिस्त्रीचा हात टेबलावर चिरडला असता. त्याने तो ताबडतोब काढून घ्यायला हवा होता. 'मिस्त्री, हात काढा' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण माझ्या तोंडातून आला तो वर्षानुवर्षं बसलेला शब्द.

मी ओरडलो, "सोड! सोड!"

मिस्त्रीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. थप्पीपलीकडे आगवाल्याने दांडा ओढला.

पुढचं मी लिहीत नाही. अंगठ्याशेजारची दोन्ही बोटं गेली, तळव्यात मनगटापर्यंत चीर गेली, आणि मिस्त्री डाव्या हाताने उजवं मनगट आवळून भुशात खाली बसला. ओरडला नाही. "पट्टा काढा," एवढंच म्हणाला. शेठने धोतराचा सोगा फाडून दिला. कल्याणच्या डॉक्टरने रक्त थांबवलं आणि ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. तिथल्या डॉक्टरने जखम बघून सांगितलं की तीन-चार दिवस गेल्याशिवाय काही बोलता येत नाही. विष चढलं तर हात मनगटापासून कापावा लागेल.

वखारीत सगळ्यांनी आगवाल्याला धरलं. कुणी न सांगता दांडा ओढला म्हणून त्याला वाट्टेल ते बोलले. तो बिचारा रडत सांगत होता, "म्या हाक ऐकली, देवाच्यान ऐकली." कुणाला खरं वाटेना, कारण सुरू करायची हाक कुणी दिलीच नव्हती. मीही गप्प राहिलो. मी काय ओरडलो ते मला आठवत होतं, पण मी थांबायला सांगितलं होतं. मग माझा काय दोष? असं मी स्वतःला बजावत होतो आणि जितकं बजावत होतो तितका आगवाल्यावर चिडत होतो. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरात तोंड झाकून पडून आहे असं कळलं.

आमच्या दारात तेव्हा एक गाय होती. चौथ्या दिवशी सकाळी बायको धारेला बसली आणि गोठ्यातून तिने मला हाक दिली, "अहो, वासरू सोडा."

मी वासराच्या दाव्याला हात घातला आणि तसाच थिजलो. वासरू सोडा म्हणजे वासरू थांबवा असं कुणी म्हणेल का? सोडा म्हणजे धावू दे. गाडी सोडतात म्हणजे काय करतात? पाणी सोडतात, वाफ सोडतात, म्हणजे काय करतात? आगवाल्याची उभी हयात 'सोड गाडी' ऐकण्यात गेली होती.  वासरू दावं ताणत होतं आणि गाय हंबरत होती. बायको बाहेर आली, माझं तोंड बघून घाबरली. मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आपल्या हाताने वासरू सोडलं आणि म्हणाली, "मग हे त्या माणसाला कधी सांगणार? तो तिकडे अन्नपाणी टाकून पडलाय."

"सांगेन," मी म्हणालो.

"अंगरखा घाला आणि आत्ताच जा," ती म्हणाली. "धार काढून होईपर्यंत तुमचं धैर्य राहायचं नाही."

मी आगवाल्याच्या खोलीवर गेलो. त्याला सांगितलं, की हाक माझी होती, तुझे कान खोटे नाहीत. तो माझ्यावर धावून येईल अशी माझी तयारी होती. तो उठून बसला, दोन वेळा 'व्हय?' म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मग तोंड धुऊन म्हणाला, "चला, मिस्त्रीकडं जाऊ. मला येकट्याला तोंड दाखवायची हिंमत न्हवती." आम्ही दोघं गाडीने ठाण्याला गेलो. टेंभी नाक्यावर दवाखान्याचा रस्ता आगवाल्यानेच विचारला.

मिस्त्री खाटेवर उशांना टेकून बसला होता. उजवा हात पांढऱ्या गाठोड्याएवढा झालेला, फळीला बांधून वर टांगलेला. चेहरा तापाने उतरलेला. खाटेपाशी त्याची बायको लाल लुगडं नेसून जमिनीवर बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून एका दमात सगळं बोलून टाकलं. शेवटी म्हणालो, "मिस्त्री, दोष माझा आहे. तुम्ही शेठला सांगा, मला काढून टाकू दे."

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. खिळा शोधताना तो ओंडक्याकडे जसा बघायचा तसाच तो माझ्याकडे बघत होता.

"परत बोल," तो म्हणाला. "तू काय बोल्लास? नि तुझ्या मनात काय होता?"

मी सांगितलं. मग तो आगवाल्याकडे वळला. "तुझ्या कानात काय पडला?"

"सोड," आगवाला म्हणाला. "मंजी गाडी सोड. म्या दांडा वढला."

मिस्त्री हसला. त्या अवस्थेत हसला. "नि मना काय वाटला, सांगू? आमच्या घरात सोड बोल्ले म्हंजे जाळा सोड. पान्यात टाक. मना वाटला, सुतार बोलतो, पाचर आनखी आत सोड. म्हनून मी हात काढला नाय, तुझ्या तोंडाकडे बघत ऱ्हायलो." मग बायकोकडे बघून म्हणाला, "बघितलास? तिघांनी एकच शब्द ऐकला, नि तिघं बी खरे."

"खरे कसले?" ती फणकारली. "हात तुझा गेला."

"जायाचा होता, नाय गेला," तो म्हणाला. मग आम्हाला सांगितलं, की सकाळीच डॉक्टर बघून गेले, विष चढलेलं नाही, हात राहणार. दोन बोटं गेली ती गेली. हे ऐकून माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि मी त्या पुसल्याही नाहीत. त्याच्या बायकोने तेव्हा कुठे मला पाणी दिलं.

आम्ही निघेपर्यंत तो करवतीविषयीच बोलत होता. चूक त्याने वाटून घेतली. म्हणाला, पहिली चूक त्याचीच, कारण हात त्याचा होता आणि दांडा दुसऱ्याच्या हातात ठेवून तो वाकला. शब्दावर भरवसा ठेवला तर शब्द कधीतरी दगा देणार, मग तो कितीही नवा काढा. म्हणून शब्दच नको. दांड्याची मूठ निघेल अशी करायची. मूठ नसली की दांडा हलणार नाही. ज्याला पात्यापाशी हात घालायचा असेल त्याने स्वतः जाऊन पट्टा काढायचा, मूठ उपसून आपल्या कमरेला खोवायची आणि मगच वाकायचं. मूठ कुणाकडेही द्यायची नाही, शेठ आला तरी नाही.

"मूठ तू बनव," तो मला म्हणाला. "शिसवाची बनव. जड पायजे. कमरेला हाय हे कळाया पायजे."

मी ती बनवली. इतकं मन लावून मी देवघराचं कामही केलं नसेल. शेठने मूठ बघून नाक मुरडलं. म्हणाला, मूठ कमरेला लावून माणसं फिरायला लागली तर फळ्या कधी कापणार? मी त्याला एवढंच सांगितलं, की मिस्त्रीचा निरोप आहे, मूठ नसेल तर तो वखारीत पाय ठेवणार नाही. शेठने मूठ बसवायला सांगितली. 'सोड' हा शब्द त्या दिवसापासून करवतीच्या छपराखाली बंद झाला. भुसा भरायला येणाऱ्या बायकासुद्धा तिथे आल्या की एकमेकींना 'टोपली ठेव' म्हणायच्या. 'टोपली सोड' म्हणत नसत.

दीड महिन्याने मिस्त्री परत आला. बाह्या तशाच कापलेल्या, जपमाळ तशीच खुंटीवर. पहिल्या दिवशी त्याने कानस घेतली आणि पात्याचे दाते लावायला बसला. उरलेल्या दोन बोटांत आणि अंगठ्यात कानस ठरेना. ती निसटायची, तो पुन्हा धरायचा. आम्ही सगळे आपापल्या कामात असल्याचं सोंग करत होतो. दुपारपर्यंत चारसुद्धा दाते झाले नाहीत. मग त्याने कानस टेबलावर ठेवली, शेठकडे गेला आणि सांगितलं की यापुढे करवतीवर सुतार उभा राहील. तो शेजारी उभा राहून शिकवील.

मला हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. "मिस्त्री, तुमचा हात माझ्यामुळे गेला," मी म्हणालो. "मला त्या करवतीपाशी उभं करू नका. दुसरा कुणीही बघा. मी हातकरवतीवर परत जातो."

"दुसरा कुनी बी येल," तो म्हणाला, "नि आठ दिसांत मूठ दांड्यालाच ठेवील. बोलेल, एवढ्याशा कामाला कशाला उपसा. तू नाय ठेवनार. म्हनून मना तूच पायजे."

मी उभा राहिलो. न राहून करतो काय? आधी दोन-तीन दिवस मऊ लाकूड दिलं. मी डावीकडे उभा राहायचो, शेवट काठीने ढकलायचो, आणि तो माझ्या कोपरामागे उभा राहून लाकडाचा आवाज ऐकायचा. चौथ्या दिवशी सागाची फळी चिमटली आणि पातं थांबलं. फटीत ढलपी अडकली होती. मी दांड्यापाशी गेलो, पट्टा काढला, मूठ उपसली आणि कमरेला खोवली. परत येऊन पातं हलतंय का ते पाहिलं. आगवाला थप्पीच्या अलीकडे येऊन, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे पुढे धरून उभा होता. मी वाकलो आणि हात फटीत घातला.

हात लटलट कापायला लागला. दात्यांवर नखं आपटून टकटक आवाज यायला लागला. मला माझी लाज वाटली आणि लाजेपाठोपाठ संताप आला. "बघा!" मी ओरडलो. "म्हणून सांगत होतो. हात थरथरतोय माझा!"

मिस्त्री वाकला. आधी माझ्या कमरेची मूठ चाचपून पाहिली, मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"थरथरू दे," तो म्हणाला. "ज्या दिवशी थरथरायचा थांबेल त्या दिवशी मना येऊन सांग. मी करवतीवर दुसरा मानूस ठेवीन."

बावीस वर्षं मी त्या करवतीवर होतो. हात थरथरायचा थांबला असं सांगायला मी त्याच्याकडे कधी गेलो नाही.